अपडेट अडकलं म्हणजे लॅपटॉप गेला असं नाही

अपडेट अर्धवट राहिलं आणि लॅपटॉप सुरू व्हायचं नाव घेईना, की घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात : ‘गेला आता हा’ आणि ‘दुकानात न्या, विंडोज मारून देतील’. बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. अपडेट बिघडलं तर माघारी कसं यायचं, याची सोय विंडोजमध्येच केलेली असते. खरं नुकसान होतं ते आपल्या घाईने. म्हणून मनात घर करून बसलेले काही गैरसमज दूर करायला हवेत.

गैरसमज : टक्के अर्धा तास हलले नाहीत, म्हणजे लॅपटॉप अडकला.

वस्तुस्थिती : पडद्यावरचे टक्के सारख्या गतीने पुढे सरकत नाहीत. एखाद्या टप्प्यात हजारो फायली बदलायच्या असतात, तोवर आकडा जागचा हलत नाही. एसएसडीवर लवकर आटपणाऱ्या मोठ्या अपडेटला जुन्या हार्ड डिस्कवर काही तास लागू शकतात. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर काम चालू आहे. चार्जर लावून लॅपटॉप रात्रभर तसाच राहू द्या. सकाळीही तोच आकडा दिसला, तरच पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून तो बंद करा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, बाहेरची डिस्क असं जोडलेलं सगळं काढा आणि मग पुन्हा सुरू करा.

गैरसमज : ‘अनडूइंग चेंजेस’ असं दिसलं, म्हणजे सगळं पुसलं जातंय.

वस्तुस्थिती : इथे पुसलं जातं ते फक्त अर्धवट बसलेलं अपडेट. नवं नीट बसलं नाही, हे ओळखून विंडोज जुन्या फायली जागेवर परत ठेवत असतं. तुमचे फोटो, कागदपत्रं यांना त्यात हात लागत नाही. मात्र नेमकं याच वेळी बटण दाबून बंद केलं, तर जुनं धड नाही आणि नवंही धड नाही, अशी गत होते.

गैरसमज : विंडोज सुरूच होत नसेल, तर फॉरमॅटशिवाय इलाज नाही.

वस्तुस्थिती : फॉरमॅट हा शेवटचा इलाज आहे. लॅपटॉप लागोपाठ दोनदा सुरू होता होता फसला, की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा उघडतं. तिथे ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेलं, की ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ सापडतं. दर महिन्याचं लहान अपडेट आणि नवी आवृत्ती आणणारं मोठं अपडेट, या दोन्हींसाठी तिथे वेगळे पर्याय असतात. बिघाड ज्यानंतर झाला, ते काढा. मोठ्या अपडेटनंतर जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची मुदत साधारणपणे दहा दिवसांचीच असते, हे लक्षात ठेवा. याच पडद्यावर ‘स्टार्टअप रिपेअर’ आणि ‘सिस्टिम रिस्टोअर’ही असतात.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावरचा मुख्य उपाय काय होता? संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून एक सदोष फाइल काढून टाकणं. त्यासाठी फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

गैरसमज : अपडेटनंतर ४८ अंकी ‘की’ मागणारा पडदा आला, म्हणजे लॅपटॉप हॅक झाला.

वस्तुस्थिती : हे बिटलॉकरचं कुलूप आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं, की डिस्कला ते अनेकदा आपोआप लागतं. अपडेटमुळे संगणकाच्या आतल्या रचनेत बदल जाणवला, की मालक तोच आहे ना, याची ते खात्री करून घेतं. ही रिकव्हरी की बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून ती पाहता येते. ऑफिसचा लॅपटॉप असेल, तर आयटी विभागाकडे विचारा. की नसेल तर तो डेटा दुकानदारही उघडू शकत नाही. म्हणून ती आधीच कागदावर लिहून घरात ठेवा.

गैरसमज : अपडेट फसलं, म्हणजे लॅपटॉपमध्येच खोट आहे.

वस्तुस्थिती : पुष्कळदा कारण साधं असतं : सी ड्राइव्हवर जागाच नसते. मोठं अपडेट जुन्या फायली जपून ठेवत नव्या आणतं, म्हणजे त्याला दुहेरी जागा लागते. रिसायकल बिन आणि डाउनलोड्स रिकामे करा, मग पुन्हा प्रयत्न करा. तरीही अडलं, तर पडद्यावरच्या त्रुटीच्या कोडचा फोटो काढून ठेवा. दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम त्याने होतं.

गैरसमज : सगळी अपडेट्स सारखीच.

वस्तुस्थिती : बायोसचं अपडेट वेगळं. ते डिस्कवर नाही, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलं जातं. ते चालू असताना वीज तुटली, तर लॅपटॉप सुरूच न होण्याचा धोका असतो. काही मॉडेलांमध्ये बायोस परत आणायची सोय असते, सगळ्यांमध्ये नसते. बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला, असं असेल तरच हे अपडेट हाती घ्या. वीज वारंवार जात असेल त्या दिवशी ते टाळाच.

गैरसमज : एवढी कटकट नको, अपडेट कायमचं बंद केलेलंच बरं.

वस्तुस्थिती : वानाक्राय या खंडणीखोर व्हायरसने १२ मे २०१७ला जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते सापडले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या.

अपडेट कधीच चुकत नाही, असंही नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०च्या एका मोठ्या अपडेटने काही वापरकर्त्यांच्या फायलीच पुसल्या आणि कंपनीला ते वाटप थांबवावं लागलं. त्यामुळे अपडेट घ्याच, पण महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून घ्या. आणि आज हे वाचून झाल्यावर एवढं करा : बिटलॉकरची की शोधा आणि लिहून ठेवा. फायलींची प्रत आणि ही की, दोन्ही कामं लॅपटॉप चालू आहे तोवरच सहज होतात.