शोभेच्या झाडांची नवी पैदास

पूर्णेसारख्या जंक्शनच्या गांवीं अलीकडे अंगणांत, मळ्याच्या वाटेवर व मंदिराच्या आवारांत शोभेचीं झाडें लावण्याचा प्रघात पडला आहे. हौस चांगली आहे. परंतु ‘टिश्यूचें रोप’ व ‘सुधारित जात’ हे शब्द एकाच अर्थाचे समजून आमचे शेतकरी बंधु पैसे मोजतात. म्हणून त्यांतील भेद सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

आम्ही स्वतः यांत ठकलों आहों. निवृत्त झाल्यावर बांधाच्या कडेनें सागाची एकसारखी रांग शोभावी, या हेतूनें एका रोपवाटिकेंतून ‘टिश्यूचीं’ म्हणून शंभर रोपें दुप्पट दरानें घेतलीं. तीन वर्षांत कांहीं डोक्यावर गेलीं, कांहीं शेजारींच कंबरेइतकीं राहिलीं. एकाच झाडापासून केलेलीं रोपें सारख्या जमिनींत इतकीं विषम होत नाहींत. तीं बियांचींच असावीं, असें आमचें मत झालें. जन्मभर लोकांचे फेरफार तपासले आणि रोपाची नोंद मात्र विचारली नाहीं, हा दोष आमचाच होय.

निवडलेल्या झाडाचा कोंब निर्जंतुक बाटलींत पोषक द्रव्यावर वाढवून त्याचीं हुबेहूब अनेक रोपें करणें, यास ऊतिसंवर्धन म्हणतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनें सागावरील असें काम १९८० सालीं प्रसिद्ध केलें. पण यानें जात सुधारत नाहीं. मूळ झाड वांकडें असेल तर हजार रोपें वांकडींच निपजतील.

नवी जात काढण्याचा मार्ग निराळा. बहुतेक झाडांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. आपल्याकडील कळलावींतही सांपडणारें कॉल्चिसीन हें विष कोंबावर योजिलें असतां संच दुप्पट होतात, हें १९३७ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति-उद्यानांत याच युक्तीनें वांझ बोगनवेली संकरास योग्य करण्यांत आल्या. उलट चार संचांचें झाड दोन संचांच्या झाडाशीं संकरित केल्यास तीन संचांची संतति होते; तिघांत जोडी नीट लागत नाहीं, म्हणून बी धरत नाहीं. हें नवल आपल्या मळ्यांतच आहे. केळीच्या नेहमींच्या जातींत अकरांचे तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रें असतात, आणि ती मुनव्यांवर वाढते.

याचा आपणांस उपयोग काय? घाणेरी ही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं कलकत्त्यास शोभेसाठींच आणली होती. पाखरांनीं बी नेलें, आणि गायरानें व रानें तिनें व्यापलीं; जनावरानें पाला खाल्ल्यास यकृत बिघडतें. अमेरिकेंत फ्लोरिडा विद्यापीठानें आतां जवळजवळ बी न धरणाऱ्या घाणेरीच्या जाती काढल्या आहेत. शोभा अंगणांत राहावी व उपद्रव शेजाऱ्याच्या शेतांत जाऊं नये, हीच खरी सुधारणा.

तेव्हां रोप घेतांना तीन गोष्टी विचाराव्या : मूळ झाड कोणतें? पावतीवर जातीचें व प्रयोगशाळेचें नांव आहे काय? बी पडून तें आपोआप पसरतें काय? शंका असल्यास परभणीचें कृषि विद्यापीठ आपणांस दूर नाहीं. जमीन घेतांना आपण तीस वर्षांच्या नोंदी चाळतों. झाड तर नातवाच्या काळापर्यंत उभें राहावयाचें आहे.