पुस्तकातले बाळ आणि वस्तीतले लेकरू

घाटाखालच्या एका महाविद्यालयात शिक्षण हक्क कायद्यावर बोलायला गेलो होतो. समोर गृहविज्ञानाच्या मुली आणि शिक्षक होण्याची तयारी करणारी मुले-मुली बसली होती. दोघांनाही बालविकास आणि बालमानसशास्त्र अभ्यासाला आहे. कायद्याची कलमे सांगून झाल्यावर मी सहज विचारले, "तुम्हाला हा विषय कसा वाटतो?" वर्ग गप्प! बरोबरच आहे. विद्यार्थ्याला त्याचे मत विचारण्याची आपल्याकडे पद्धत आहेच कुठे? नॅकची समिती यायची असली की अभिप्रायाचे छापील फॉर्म भरून घेतात आणि फाईल कपाटात जाते. त्या फॉर्मवर कोणी काय लिहिले, हे पुन्हा कोण वाचतो?

शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, विषय चांगला आहे. पण पुस्तकातल्या बाळाला खेळणी हायेत, गोष्ट सांगणारी आई हाये. आमची माय कापूस वेचाले जाते. तान्हं लेकरू धुऱ्यावर झोळीत, अन् त्याले सांभाळाले सात वर्षांची बहीण. त्या बहिणीचा विकास कोणत्या पानावर हाये?"

मग एकेक जण बोलू लागला. एक मुलगा म्हणाला, "पियाजेच्या चारही अवस्था मला पाठ आहेत. मार्कही चांगले पडले. पण आमच्या अंगणवाडीतल्या पोराशी कसे बोलायचे, ते अजून येत नाही." दुसरी मुलगी मात्र म्हणाली, "मी हा विषय शिकल्यापासून धाकट्या भावाला मारणे सोडले. तो खोटे बोलतो असे वाटायचे. आता कळते की त्या वयात मनातले आणि घडलेले वेगळे करता येत नाही."

बंधू-भगिनींनो, ही तीन मते मला कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाची वाटतात. तिसरे मत सांगते की हे शास्त्र आपल्या उपयोगाचे आहे. पहिली दोन सांगतात की ते आपल्या वस्तीपर्यंत पोहोचलेले नाही. म्हणून 'हे परदेशी शास्त्र आपल्या काय कामाचे' म्हणून ते झिडकारणे हा मूर्खपणा ठरेल. या शास्त्राला जातीचा प्रश्न विचारणे, हे आपले काम आहे.

एरिक्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. त्यातला सहा ते बारा वर्षांचा टप्पा म्हणजे उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. या वयात मुलाला 'मला जमते' हे कळले तर ते उभे राहते, नाहीतर न्यूनगंड घर करतो. परीक्षेत यावर प्रश्न येतो. पण या देशात त्याच वयात कोट्यवधी मुलांना न्यूनगंड कोणी दिला, हा प्रश्न येत नाही!

उत्तर बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात ते 1901 सालचा प्रसंग सांगतात. वय नऊ वर्षे. नवे कपडे घालून साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडे. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. शाळेत बसायला वेगळे गोणपाट आणि शिपाई नसेल तर पाणी नाही, हे ते आधीच जाणत होते. तरी या प्रवासाने मनावर कायमचा ठसा उमटवला, असे ते नोंदवतात. बालमानसशास्त्राच्या वर्गात याहून अस्सल नोंद कोणती शिकवणार?

आणि हे केवळ आपणच म्हणतो असे नाही. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने लहान मुलांपुढे फक्त रंगाने वेगळ्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. अनेकांनी काळ्या बाहुलीला 'वाईट' ठरवले. 1954 साली ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख केला. वकील म्हणून मला याचे फार अप्रूप आहे. लहान मुलांच्या मनावरचा घाव न्यायालयात पुरावा झाला! हे दांपत्य पीएच.डी. झाले ते कोलंबिया विद्यापीठात, जिथे बाबासाहेब 1913 ते 1916 शिकले आणि जॉन ड्युई त्यांचे गुरू होते. ड्युई आपल्या अध्यापक महाविद्यालयांत शिकवले जातात. त्यांचा हा शिष्य मात्र त्या धड्यात नसतो.

आपल्या देशातलाही दाखला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतील सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सर्वांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुले मागे पडली. जागतिक बँकेने 2004 साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले तीच, बुद्धी तीच. बदलले काय? फक्त जात पुकारली गेली.

हे सांगितल्यावर तीच मागच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे शिष्यवृत्तीच्या दिवशी आमाले वर्गात उभं करून नावं वाचत होते, तेच ना सर?"

होय, तेच! तिने एका वाक्यात अख्खा अभ्यास सांगितला. शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. पण ती देताना लेकराला वर्गापुढे उभे करणे हा त्याच्या मनावरचा वार आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 9 सांगते की दुर्बल व वंचित घटकांतील बालकाशी भेदभाव होणार नाही, हे स्थानिक प्राधिकरणाने पाहायचे. कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. कलम 29 बालकाला भय, आघात आणि चिंतेपासून मुक्त ठेवायला सांगते. कायद्याला मन कळले, पण ते राबवणारा शिक्षक शिक्षक पात्रता परीक्षेच्या दीडशेपैकी तीस गुणांपुरताच बालविकास वाचणार असेल, तर कलमे कागदावरच राहणार.

शास्त्र वस्तीत नेता येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणात बालशिक्षण नेले. अंगणवाडीची कल्पना तिथली. मग बुलडाणा जिल्ह्यात हे का होऊ नये? प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतल्या एका लेकराची वर्षभर निरीक्षणवही ठेवावी आणि त्याच प्रकल्पाला गुण मिळावेत. बाबासाहेबांचे बालपण आणि क्लार्क, हॉफ-पांडे यांचे प्रयोग अभ्यासक्रमात यावेत, यासाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे विद्यार्थ्यांनी सह्यांचे निवेदन द्यावे. मसुदा करून द्यायला मी तयार आहे.

आणि थोडे आपल्या घरातही पाहू. 'बाबासाहेबांसारखा हो' म्हणत पाचवीतल्या पोराला चाबकासारखे शब्द मारणारे बाप आपल्यातही आहेत. जयंतीच्या डीजेला वर्गणी देतो, पण विहारात मुलांसाठी पुस्तकांचे एक कपाट नाही. तथागतांनी मैत्री शिकवली, ती लेकरांपासून सुरू होते. धाकट्या भावाला मारणे सोडलेल्या त्या मुलीने ते वर्गात शिकून घरी केले. धुऱ्यावरच्या सात वर्षांच्या बहिणीसाठी पुस्तकात एक पान मिळवणे, एवढे तर आपण करू शकतो!

जयभीम!