संगणक सुरू होत नाही, तेव्हा

मुलांनो, विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनच्या अखेरीस उघडतात. अकोटसारख्या गावात दीड-दोन महिने बंद असलेल्या खोलीचे कुलूप काढावे, जुन्या संगणकाचे बटण दाबावे आणि ना दिवा लागावा, ना पंखा फिरावा, असे पुष्कळदा घडते. मग कोणी म्हणतो, "गेला हा! भंगारात द्या." पण घाई करू नका. संगणक सुरू झाला नाही, म्हणजे तो निकामी झाला असे नाही. क्रमाने शोध घेतला, तर दोष बहुधा एखाद्या लहानशा जागी सापडतो.

हा शोध शिक्षकांच्या समोर आणि कोरड्या हातांनी घ्यावा. वीज ज्या वाटेने संगणकात जाते, त्याच वाटेने आपणही जावे. प्रथम त्या सॉकेटमध्ये दुसरा दिवा लावून पाहा. तो लागला नाही, तर दोष संगणकाचा नाही. दिवा लागला, तर प्लग काढून वायर तपासा. ती उंदरांनी कुरतडली आहे का? पिना सैल आहेत का? मध्ये यूपीएस असेल, तर तो वगळून संगणक सरळ सॉकेटला जोडा, कारण यूपीएसची बॅटरी काही वर्षांत कमजोर होते. डब्याच्या मागच्या बाजूला एक छोटा खटका असतो. तो सुट्टीपूर्वी कोणी बंद केला असेल!

एवढ्यानेही काम झाले नाही, तर प्लग काढा आणि बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा. आत साठलेली थोडी वीज निघून जाते. आता प्लग लावून पुन्हा प्रयत्न करा.

तरीही संगणक गप्प राहिला, तर संशय पॉवर सप्लायवर येतो. घरातील वीज २३० व्होल्टची असते. संगणकातील नाजूक भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट एवढीच वीज लागते. हा बदल पॉवर सप्लाय करतो. तो तापू नये म्हणून त्याला पंखा असतो. अकोट हे कापसाचे गाव. हवेतील धूळ आणि रुईचे तंतू या पंख्यात अडकतात. त्यातच वऱ्हाडचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पॉवर सप्लायमध्ये कपॅसिटर नावाचे छोटे डबे असतात. त्यांच्यातील द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढले, तर त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते. म्हणून जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय अनेकदा आधी थकतो. तो बदलता येतो. परंतु त्याची पेटी तुम्ही कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात जिवावर बेतणारी वीज साठून राहू शकते. ते काम जाणकार कारागिराचे आहे.

कधी दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. अशा वेळी वीज आत पोहोचली आहे, हे उघड आहे. मग मॉनिटरची वायर तपासावी. ती ठीक असेल, तर प्लग काढून शिक्षकांकडून रॅमची पट्टी बाहेर काढून घ्यावी. तिची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसून ती परत घट्ट बसवावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. गुणपत्रके, हजेरी, पत्रे हे सारे हार्ड डिस्कवर असते. पॉवर सप्लाय बिघडला, तरी डिस्क बहुतेक वेळा शाबूत राहते. ती दुसऱ्या संगणकाला जोडून सारी माहिती परत मिळवता येते. घाईने संगणक भंगारात दिला, तर यंत्राबरोबर शाळेच्या अनेक वर्षांच्या नोंदीही जातील.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट तपासा आणि काय आढळले ते वहीत लिहा. सायकल असो, शेतातील मोटारपंप असो की संगणक, दोष शोधण्याची रीत हीच आहे. आधी सोपे आणि बाहेरचे पाहावे, मग अवघड आणि आतले. भंगाराचा विचार सर्वांत शेवटी करावा.