फुलपाखरांची चढाओढ

मैत्रिणींनो, चढाओढ म्हटली की आपल्याला आठवते ती रांगोळीची नाहीतर पाककृतींची. फुलपाखरांच्या फोटोंची चढाओढ कधी ऐकलीत? हसू नका हं! २०१६ साली अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोन शहरांत अशीच मैत्रीची पैज लागली. आपल्या शहरातले जास्तीत जास्त जीव कोण टिपतं, एवढीच ती पैज! २०१८ पासून तीत देशोदेशींची शहरं उतरू लागली. आपल्याकडे २०२० पासून सप्टेंबर हा फुलपाखरांचा महिना मानतात आणि हौशी मंडळी फोटो नि नोंदी घेऊन सरसावतात.

आपलं सारोळे नीरेच्या काठी. पाऊस ओसरला की बांधावर टाकळा, रुई, घाणेरी माजते. आपण त्याला रान म्हणतो, पण फुलपाखरांचा संसार तिथेच असतो. प्लेन टायगर हे तांबूस फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. टाकळ्यावर पिवळसर पांढऱ्या एमिग्रंटच्या अळ्या वाढतात. ओल्या चिखलावर फुलपाखरांचा घोळका दिसला, तर समजा, ते क्षार शोषताहेत. त्यांत बहुतेक नरच असतात, बरं का!

पण इतक्या लांब जायला सवड कुणाला आहे? मग दारचा कढीलिंब पाहा. त्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालतं. त्याची लहान अळी हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठी झाली की ती हिरवीगार होते. मादीची गंमत तर ऐकाच. काही माद्या नरासारख्याच दिसतात, तर काही रोज नावाच्या बेचव, विषारी फुलपाखरांचं सोंग घेतात. हे सोंग डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकामुळे वठतं, असं डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं. आपल्या फोडणीतल्या पानांवर वाढणारा हा जीव जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे!

याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे नीलवंतही वाढतं. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं. राज्य फुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं.

आता चढाओढीतली खोट सांगते. बक्षीस फक्त देखण्या फोटोला मिळालं, की काही जण फुलपाखरू फ्रिजमध्ये गारठवतात, चिमटीत धरतात, फांदी मोडून हवी तशी मांडतात. पंखांवरची रंगीत पूड म्हणजे बारीक खवले. एकदा झडले की पुन्हा येत नाहीत. असल्या फोटोचं कौतुक कसलं? शिवाय महागडा कॅमेरा असलेलाच दरवेळी जिंकणार.

म्हणून मी अर्धवेळ शिकवते तिथल्या मुलांना जे सांगते, तेच तुम्हालाही सुचवते. गुण देखणेपणाला देऊ नका. अंडं, अळी, कोष आणि फुलपाखरू या चारही अवस्था एकाच झाडावर जी टिपेल, ती पहिली! साध्या मोबाइलवरही हे जमतं. घर, मुलं, स्वयंपाक सांभाळून अंगणाबाहेर न पडणारी बाईही इथे मागे पडत नाही. उलट कढीलिंबाकडे रोज जाणारी तीच!

फोटो सकाळी काढावा. फुलपाखरू तेव्हा ऊन खात शांत बसलेलं असतं. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू टिपा. सोबत झाडाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. तारखेवाचून फोटो नुसती शोभा, तारखेसह तो नोंद होतो. नावावरून वाद झाला तर होऊ द्या. त्यातूनच नजर तयार होते.

आणि एक विनंती. कढीलिंबावर अळी दिसली की लगेच औषध फवारू नका. कुंडीतलं रोप लहान असेल, तर अळी पानासकट अलगद मोठ्या झाडावर ठेवा. चार पानं तिची, बाकीची आपल्या फोडणीची. एवढी वाटणी आपल्याला परवडेल, नाही का?