चोर पकडायला शिकवत नाहीत

कोल्चेस्टर, इंग्लंड

खालापूरच्या माझ्या भाच्याला बारावीनंतर गुन्हेगारीशास्त्र घ्यायचं आहे. "आत्या, पीएसआयच्या परीक्षेला बरं पडेल," असं त्याचं म्हणणं. वहिनींना वेगळीच काळजी : तिथं प्रेतं फाडायला लावतात का? एसेक्स विद्यापीठाचा समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र विभाग मी सध्या राहते त्या गावात आहे आणि तिथल्या सर्वांना खुल्या असलेल्या व्याख्यानांना मी मागच्या रांगेत जाऊन बसते. एवढ्या भांडवलावर कर्जत-खालापूरच्या नातेवाइकांनी मला या विषयातली जाणकार ठरवलं आहे. तेव्हा सगळ्यांना एकदमच लिहून टाकते. इथं चोर पकडायला शिकवत नाहीत. ठसे, रक्ताचे डाग, 'सीआयडी' मालिकेतला दार तोडणारा दया, यातलं काही नाही. चोराचा विषय निघालाच तर बोलणं लगेच त्याला चोर ठरवणाऱ्यांकडं वळतं आणि तास संपेपर्यंत तिथंच राहतं.

आणखी एक गैरसमज. असल्या विद्या इंग्रजांकडं पूर्वापार, आपल्याकडं परवा आल्या, असं आपण धरून चालतो. एसेक्स विद्यापीठ मुळात १९६४ चं. केंब्रिजला समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक मिळाला १९६९ साली. मुंबई विद्यापीठात हा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांनी सुरू केला, आणि १९२४ पासून तो आपल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळला. हे मी इथल्या एका अध्यापकांना चहाच्या वेळी सांगितलं, तर ते बिस्किट हातात धरून बसूनच राहिले. मला फार बरं वाटलं. कर्जतचं कुणीतरी सोबत हवं होतं.

इथलं मला नवल वाटलं ते वेगळंच. आपल्याकडं प्राध्यापकांची ओळख करून देताना पदव्या वाचतात : एम.ए., नेट, सेट, पीएच.डी., पुढं किती वर्षांची सेवा. इथं सांगतात, हे सध्या कशाच्या मागं लागलेत. कुणी तुरुंगातून सुटलेल्यांच्या मागं, कुणी भीतीच्या, कुणी कचऱ्याच्या. याच विभागातल्या पॉल थॉम्पसन यांनी १९७० च्या आसपास शेकडो म्हाताऱ्या माणसांना टेपरेकॉर्डरसमोर बसवून त्यांचं लहानपण विचारलं : घरात भांडी कोण घासायचं, बाप मारायचा का, रविवारी काय शिजायचं. त्यातून 'द एडवर्डियन्स' हे पुस्तक झालं. केन प्लमर यांनी माणसं आपल्या लैंगिक आयुष्याच्या गोष्टी कशा सांगतात यावर हयात घालवली. हे आमच्या आळीत सांगायची सोय नाही. पण माथेरानचं सांगते. तिथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. त्या रिक्षा ज्यांनी जन्मभर चढावर ओढल्या त्यांच्यासमोर कुणी टेप धरला? नेरळवरून रोज किती पदवीधर पोरं लोकलनं खाली-वर करतात, आणि मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहे.

भाच्याला मुख्य सांगायचं ते क्लॅक्टनचं. इथून जवळचं समुद्रकाठचं गाव. १९६४ च्या ईस्टरच्या सुटीत, थंडी-पावसात, कंटाळलेल्या पोरांची तिथं आपसात जुंपली. एका बाजूला स्कूटरवाले मॉड्स, दुसरीकडं मोटरसायकलवाले रॉकर्स. थोड्या काचा फुटल्या, थोडी मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला वाटावं की गावावर स्वारी झाली. जोहान्सबर्गहून आलेले स्टॅन्ली कोहेन तेव्हा तरुण संशोधक होते. त्यांनी पोरांना बाजूला ठेवून बातमीदार, न्यायाधीश, पोलीस, हॉटेलवाले यांच्याकडं पाहायला सुरुवात केली. एवढ्याशा गोष्टीवर हे सगळे इतके का खवळले? आणि त्या खवळण्यानं पुढच्या सुटीत आणखी पोरं, आणखी पोलीस, आणखी मारामारी कशी घडवून आणली? १९७२ मध्ये 'फोक डेव्हिल्स अँड मॉरल पॅनिक्स' निघालं, आणि पुढं कोहेन याच विभागात शिकवत होते.

मी ते वाचत होते तेव्हा डोळ्यांपुढं क्लॅक्टन नव्हतंच. आमच्या कर्जतचं आषाणे होतं, सोलनपाडा होतं, खोपोलीचा झेनिथ धबधबा होता. पाऊस लागला की मुंबई-ठाण्याहून लोंढा येतो. मग 'हुल्लडबाज पर्यटक' हे दोन शब्द वर्तमानपत्रांत जोडीनंच फिरू लागतात, आणि धबधब्यांवर, धरणांवर मनाई आदेश निघतो. पूर्वी कलम १४४ चा निघायचा, आता नव्या संहितेत कलम १६३ चा. क्लॅक्टनशी एक मोठा फरक आहे, तो लपवून चालणार नाही. आपल्याकडं माणसं खरोखर बुडतात. दर पावसाळ्यात बुडतात, आणि त्यांना काढायला गावातलीच पोरं दोर बांधून पाण्यात उतरतात. तेव्हा आरडाओरडा उगाच आहे, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? पण कोहेनचे प्रश्न तरीही लागू पडतात. आदेश निघाला की पहिल्यांदा कोण उठतं? ज्यांनी बाटल्या फोडल्या ते संध्याकाळच्या लोकलनं घरी गेलेले असतात. उठते ती ताडपत्रीखाली कणसं भाजणारी, भजी तळणारी ठाकराची बाई. चार महिन्यांचा तिचा धंदा. तेच मुंबईकर भिंतीच्या आत, फार्महाऊसवर, तलावाशेजारी रात्रभर स्पीकर लावून नाचत असले तर त्यांना हुल्लडबाज म्हणत नाहीत, पाहुणे म्हणतात. आणि फार्महाऊसवरची पाण्याची मोटर गेली की पहिला संशय कुणावर येतो ते मी कर्जतकरांना सांगायला नको. कातकरवाडीवर.

हे बोट आपणहून तिकडं जातं त्यालाही इतिहास आहे, आणि त्यात माझ्या यजमान देशाचा हात आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. आपण तो १९५२ मध्ये रद्द केला. मनातून किती केला, ज्याचं त्यानं पाहावं. त्याच राज्यानं आमच्या तालुक्यातला एक वकीलही गुन्हेगार ठरवला होता. एका व्याख्यानानंतर शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी माथेरानच्या भाई कोतवालांची हकीकत सांगितली : आझाद दस्ता, पाडलेले विजेचे मनोरे, डोक्यावर लावलेलं इनाम, आणि २ जानेवारी १९४३ ची सिद्धगडावरची पहाट, जेव्हा ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. गृहस्थांनी खिशातून वही काढून नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "याच्यावर कुणाचा अभ्यास आहे?" मी म्हटलं, आम्ही दर वर्षी हार घालतो.

गरिबीचं थोडक्यात. या विभागाचे पहिले प्राध्यापक पीटर टाउनसेंड यांनी १९७९ साली ब्रिटनमधल्या गरिबीवर जाडजूड ग्रंथ काढला. आठवडाभर सुटीला बाहेर जाता न येणं, रविवारच्या जेवणाला मांसाचा भाजलेला तुकडा नसणं, घरात फ्रीज नसणं, असल्या बारा गोष्टींवरून त्यांनी वंचितपण मोजलं. त्याच्या आठ वर्षं आधी पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी आपल्याकडची रेषा आखली होती : माणशी दिवसाला २२५० उष्मांक. कडावच्या मामांना मी फोनवर ही तुलना ऐकवली. मामा म्हणाले, "सुट्टी नाही म्हणून गरीब? मग आपल्याकडं सगळे शेतकरी गरीबच की." मामांना वाटलं त्यांनी टाउनसेंडला खोडून काढलं. टाउनसेंड खूश झाले असते.

आता अवघड भाग. या विभागातल्या नायजेल साउथ यांचा विषय म्हणजे निसर्गाला आणि त्याच्या आधारानं जगणाऱ्यांना होणारी इजा, मग ती कायद्याच्या पुस्तकात गुन्हा म्हणून असो वा नसो. पाताळगंगेच्या काठावर वाढलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. वेल्समध्ये एबरफॅन म्हणून खाणकामगारांचं गाव आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या कचऱ्याचा डोंगर तिथल्या शाळेवर घसरला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. चौकशी होऊन दोष सरकारी कोळसा मंडळावर आला, पण खटला कुणावरही झाला नाही. उलट उरलेले ढिगारे हलवायला लोकांच्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड काढून घेतले, ते परत मिळायला १९९७ साल उजाडलं. इथं गुन्हेगारीशास्त्रात ही गोष्ट वारंवार निघते. मी ती ऐकत होते आणि मनात १९ जुलै २०२३ ची रात्र होती. आमच्या खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, सत्तावन्न माणसं मातीतच राहिली, शोध थांबवला. मोटर जाईल असा रस्ता नव्हता, बचावासाठी गेलेले डोंगर चढून गेले. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनं सांगितलं. एबरफॅनचा ढिगारा माणसानं रचला होता, इर्शाळचा डोंगर कुणी रचला नाही, हे खरं. तरी ती यादी माणसांनीच केली होती ना? कुणी केली, वाडीवर कोण जाऊन आलं, काय पाहून आलं? त्यासाठी कुणाला बेड्या घालायच्या नाहीत. एका विद्यार्थ्यानं दोन वर्षं बसून कागद काढायचे आहेत. इथं असे विद्यार्थी दिसतात, म्हणून माझा तळतळाट होतो.

आमचा मुलूख अभ्यासातून सुटलाय असंही नाही, बरं का. उलट त्याचा चिक्कार अभ्यास झालाय. कर्जतहून लोकलनं पाचवं स्टेशन बदलापूर. तिथल्या ना. गो. चापेकरांनी १९३३ साली आपल्या गावावर एवढं बारकाईनं पुस्तक लिहिलं की इथल्या लोकांना ते दाखवावं. दुसऱ्या वर्षी वेलिंग यांचं कातकऱ्यांवरचं इंग्रजी पुस्तक आलं, १९६० मध्ये ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकुरांवरचं. घुर्यांनी महादेव कोळी घेतले. अलीकडं कशेळ्याच्या संस्थेतले राजीव खेडकर आणि कॅनडाचे डॅनियल बकल्स यांनी 'फाइटिंग एव्हिक्शन' लिहिलं. कातकऱ्यांच्या वाड्या दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, आणि जमिनीला भाव आला की त्यांच्याभोवती कुंपण पडतं, हे त्यात आहे. त्यांनी वाडीतल्या लोकांनाच सोबत घेऊन अभ्यास केला. असं क्वचित होतं. एरवी वाडीत जीप थांबली की बायका म्हणतात, सर्वेवाले आले. धरण येणार, रेल्वे येणार किंवा कुणाची तरी पीएच.डी. येणार. कोंबड्या किती, संडास आहे का, सही करा. इथं विद्यार्थ्याला शेजाऱ्याशी बोलायचं असलं तरी आधी समितीपुढं जावं लागतं. का विचारतोय, उत्तरांचं काय करणार, मधूनच उठून जायचा हक्क आहे, हे सगळं समोरच्याला लिहून द्यावं लागतं. मला आधी हे सोवळं वाटलं होतं. आता वाटतं, आमच्या वाडीतल्या बाईला उठून जायचा हक्क एकदा तरी कुणी सांगायला हवा होता.

फार कौतुक झालं. भाच्याला हेही सांगा की इथं देशातल्या विद्यार्थ्याचीही वर्षाची फी साडेनऊ हजार पौंडांच्या वर आहे, परदेशी पोरांची त्याहून कितीतरी जास्त. परदेशी पोरं कमी झाली की विद्यापीठांचे हिशेब कोलमडतात आणि कपातीच्या गोष्टी सुरू होतात. संशोधनाला तारे देतात. आपल्याकडं २०१० पासून प्राध्यापकांच्या कामाचे एपीआयचे गुण मोजत होते, तसे इथं काही वर्षांनी देशभरच्या विभागांचे तारे मोजतात, आणि त्या दिवसांत अध्यापकांची तोंडं आपल्या नॅक कमिटीच्या आठवड्यासारखी होतात.

जुलै २०२४ मध्ये या विभागाच्या प्राध्यापक पॅम कॉक्स कोल्चेस्टरच्या खासदार झाल्या. १९०० ते १९५० या काळात ज्या मुलींना समाजानं वाईट चालीच्या ठरवलं त्यांच्यावर त्यांचं पुस्तक आहे, मोलकरणींवर आणि दुकानात काम करणाऱ्या मुलींवर त्यांनी बीबीसीसाठी मालिका सादर केल्या. आपल्याकडंही प्राध्यापक निवडून आलेत, मधू दंडवते पदार्थविज्ञान शिकवायचे. पण वाईट ठरवलेल्या मुलींचा अभ्यास करणारी बाई कर्जतच्या चौकात मतं मागतेय, हे चित्र मला काही केल्या जुळवता येईना. म्हणून मामांनाच विचारलं, अशी बाई आपल्याकडं उभी राहिली तर?

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई हुशार दिसते. कुठल्या आहेत गं त्या?"

"लेबर पक्षाच्या."

"पक्ष नाही विचारला मी."