ग्राउझच्या शिकारीसाठी बंदुकीची निवड

स्कॉटलंडच्या माळरानांवर ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो. तेथे सामान्यतः बारा बोअरची दुनळी बंदूक पसंत केली जाते. जिच्या नळीत नेमक्या बसणाऱ्या शिशाच्या १२ गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बारा बोअरची. बोअरइतकाच ‘चोक’, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला किंचित संकोच, महत्त्वाचा असतो. तो जितका अधिक, तितके छरे दूरवर एकवटून राहतात. म्हणून दुनळीची एक नळी जवळच्या पक्ष्यासाठी मोकळी, तर दुसरी दूरच्यासाठी अरुंद असते. चोक अयोग्य असला, तर जवळचा पक्षी छिन्नविच्छिन्न होतो. दूरचा घायाळ होऊन झुडपांत तडफडत मरतो. तत्काळ मृत्यू देणारी बंदूक हीच योग्य. आणि तिच्या टप्प्याबाहेरील पक्ष्यावर बार न काढणे हेही निवडीचेच अंग होय.