सणाचे ताट आणि महिन्याचा हिशेब

अलिबाग तालुक्यातील एका बेने इस्रायली कुटुंबाचा मी अनेक वर्षांपासून डॉक्टर आहे. एका वर्षी सण आटोपल्यावर घरातील गृहिणी थकव्याची तक्रार घेऊन आल्या. हिमोग्लोबिन ८ भरले. ‘ताई, रोज जेवता काय?’ असे विचारता त्या म्हणाल्या, ‘सणाला खर्च होतो, डॉक्टर. मग मासळी-कडधान्य मुलांना आणि सासूबाईंना वाढते. मला चहा-चपाती पुरते.’ ही झीज एका महिन्याची नव्हती; दरवर्षीच्या काटकसरीची होती. इतकी वर्षे मी त्यांच्या सासूबाईंचा रक्तदाब मोजला, पण त्यांच्या ताटाची चौकशी कधी केली नाही.

वाचकहो, यहुदी पंचांगातील तिश्री महिना साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. आरंभी नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना. दहाव्या दिवशी योम किप्पूरचा उपवास. पंधराव्या दिवसापासून सुक्कोथ. तीन आठवड्यांत इतके सण आल्यावर नियोजनावाचून निभाव लागत नाही.

आधी रोजचे, मग सणाचे

महिन्याच्या प्रारंभी डाळ, कडधान्ये, अंडी व मासळी यांचे पैसे प्रथम बाजूला काढावेत आणि उरलेल्यात सण बसवावा. परंपरेचे पदार्थ मुळात खर्चिक नाहीत. गव्हाचा चीक, नारळाचे दूध व साखर यांचा हलवा मांसाहारानंतरही चालतो, कारण त्यात जनावराचे दूध नसते. तो घरी केला की विकतच्या मिठाईची गरज उरत नाही. मात्र मधुमेह्यांनी लहानशी वडीच घ्यावी. मलिद्याला भिजवलेले पोहे, खोबरे, साखर व वेलची लागते. सोबत केळी, पेरू, चिकू अशी हंगामी फळे ठेवावीत, परदेशी फळांचा अट्टाहास नसावा.

धर्मनियमाने पर व खवले असलेली मासळीच चालते. बांगडा व तारली त्यात बसतात, पापलेटापेक्षा स्वस्त पडतात आणि पोषणात उणी नाहीत. आव महिन्यातील नवमीचा उपवास वालाच्या बिरड्याने सोडण्याची या समाजाची जुनी रीत आहे. मोड आलेले वाल प्रथिने व लोह देतात. ते आठवड्यातून दोनदा करावेत, वर लिंबू पिळावे आणि जेवणालगत चहा टाळावा.

उपवासाआधी

योम किप्पूरला सुमारे २५ तास पाणीही वर्ज्य असते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी व गर्भवतींनी आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटावे. औषधाची मात्रा स्वतः बदलू नये. कापरे भरले, दरदरून घाम सुटला, बोलणे असंबद्ध झाले, तर रुग्ण शुद्धीवर असताना ताबडतोब साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपल्यास तोंडात काही न घालता रुग्णालय गाठावे. जीव वाचवणे उपवासाहून श्रेष्ठ, असे यहुदी धर्मशास्त्रच सांगते. उपवास सोडताना प्रथम पाणी किंवा मनुकांचे शरबत घोटाघोटाने घ्यावे, नंतर हलके जेवण. तळलेले दुसऱ्या दिवशी.

त्या ताईंनी लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या. पुढच्या नव्याच्या सणापूर्वी त्यांनी मला हिशेबाची वही दाखवली. घरात माणसे पाच. मागील पानांवर वाल आणि मासळी चौघांपुरतीच मोजलेली होती. या पानावर ती पाच जणांची होती.

आपल्या घरची वहीही एकदा उघडून पाहावी. तीत सर्वांची ताटे धरलेली आहेत ना?